दारचा प्राजक्त



या व्याख्यानमालेचे आमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड चालकांनी आमच्यावरच सोपवली होती. कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर बोलणार, कंत्राटी पद्धतीवर बोलणार, फार तर मालकवर्गाला चार शब्द सुनावणार, अशी त्यांची अपेक्षा असली तर त्यात त्यांची चूक नाही. आम्ही विषय कळवला, ‘प्राजक्ताचे झाड’. दोन दिवसांनी चालकांचा दूरध्वनी आला, “भाऊ, हे एखाद्या लढ्याचे टोपणनाव आहे का?” आम्ही म्हणालो, “नाही, झाडच आहे. खड्डा खणून लावतात ते.”

आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीवर थांबले. त्यापुढचे शिक्षण झाले ते थोडे कारखान्याच्या दारात, आणि थोडे १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आज जे सांगणार ते काही वाचलेले, काही माळ्यांना व शेतकऱ्यांना विचारून घेतलेले आणि काही स्वतः चुका करून शिकलेले आहे. त्यांतली एक चूक फार मोठी होती. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, पण ती मागाहून सांगू.

मोगल अमदानीत आपल्या या गावाला ‘गुलशनाबाद’ म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. ते नाव गेले तरी नाशिककरांची फुलांची हौस गेलेली नाही. मात्र हौसेला हल्ली जागा पुरत नाही, पाणी पुरत नाही आणि सवड तर मुळीच पुरत नाही. अशा माणसाने दारात कोणते फूलझाड लावावे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे. जे कमी मागते, उन्हाळा सोसते, थंडीला डरत नाही आणि तरीही वर्षाचे तीन-चार महिने अंगण फुलांनी भरून टाकते, ते लावा. म्हणजेच प्राजक्त लावा.

प्रथम या झाडाची ओळख करून घेऊ. आपण ‘झाड’ म्हणतो खरे, पण स्वभावाने हे मोठे झुडूपच. बुंध्यापासून अनेक फांद्या फुटतात, दहा-बारा फुटांपर्यंत सहज वाढतात. चांगली जागा मिळाली तर याचा लहानसा वृक्षही होतो. साल करडी, खरबरीत. कोवळी फांदी बोटांत धरून फिरवून पाहा. ती गोल नसते, चौकोनी असते. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि इतकी खरखरीत असतात की, लाकूड घासून गुळगुळीत करायला पूर्वीचे कारागीर ती वापरीत. आमच्यासारख्या पॉलिशखात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला त्या पानाचा स्पर्श लगेच ओळखीचा वाटतो. फुलाचे वर्णन नाशिकच्या श्रोत्यांपुढे काय करावे? पाच ते आठ पांढऱ्या पाकळ्या, भिंगरीसारख्या किंचित वळलेल्या, आणि देठ म्हणून आपण जिला ओळखतो ती केशरी नळी. फळ चपटे, रुपयाच्या नाण्याएवढे, वाळल्यावर तपकिरी होणारे. त्यात दोन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी.

हिंदी मुलखात याला हरसिंगार म्हणतात, बंगालात शिउली किंवा शेफाली, आणि तमिळ लोक पवळमल्ली म्हणजे पोवळ्याच्या देठाची मोगरी म्हणतात. शिउली हे पश्चिम बंगालचे राज्यफूल आहे. तिकडे ती फुलू लागली म्हणजे दुर्गापूजा जवळ आली असे समजतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे ‘पारिजात’ म्हणून पूजला जाणारा जो प्रचंड वृक्ष आहे तो मात्र हा नव्हे. ती आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. आपला प्राजक्त याच भूमीतला. हिमालयाच्या पायथ्यापासून दख्खनपर्यंत कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर तो रानात आपोआप वाढतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याला काय हवे आणि काय नको, हे अर्धे कळून येते.

या झाडाच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत. पहिली आपल्या घरोघरची. श्रीकृष्णाने इंद्राच्या बागेतून पारिजात आणला, लावला सत्यभामेच्या अंगणात, आणि फुले पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. दुसरी कथा तितकीशी ठाऊक नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या झाडाला त्याने ‘दुःखी झाड’ म्हटले आहे आणि इथे ऐकलेली कथा दिली आहे. एक राजकन्या सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने प्राण दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून सूर्याचे तोंड पाहायला नको असे म्हणून ते पहाटेच फुले टाकून देते. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, ‘निक्टॅन्थिस आर्बोर-ट्रिस्टिस’, त्यातही हे दुःख कायम राहिले. रात्री फुलणारे दुःखी झाड, असा त्याचा अर्थ.

विद्वानांबद्दल पूर्ण आदर बाळगून आम्ही या नावाला हरकत घेतो. आम्ही पंधरा वर्षे तीन पाळ्यांत काम केले आहे. संध्याकाळी सगळे घरी परततात तेव्हा कामावर निघायचे, रात्रभर राबायचे आणि उजाडता उजाडता मोकळे व्हायचे, याला आम्ही दुःख म्हणत नाही, याला तिसरी पाळी म्हणतो! प्राजक्त तिसऱ्या पाळीचा कामगार आहे. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे पतंग. अंधारात दिसावे म्हणून पाकळी पांढरी, लांबून कळावे म्हणून वास. पहाटे काम संपले की, फूल जागा सोडते. तिसरी पाळी सुटल्यावर सकाळी सात वाजता, डोळ्यांवर झापड घेऊन सायकल ढकलत आपल्या चाळीत शिरणाऱ्या माणसाला त्या सड्याचा वास जसा कळतो तसा दुसऱ्या कोणाला कळत नसेल.

आता ती चूक.

साल १९९८. आम्ही सातपूरला एका बैठ्या चाळीत राहत होतो. कारखान्यात जानेवारीपासून टाळेबंदी होती. शंभर-सव्वाशे कामगार दारासमोर मांडव घालून बसलेले, आणि संघटनेचे दफ्तर आमच्याकडे. आमच्या शेजारच्या खोलीत एक वृद्ध मावशी राहत. त्या मूळच्या सिन्नरच्या. साऱ्या जन्मात विड्या वळलेल्या. सिन्नरचा विडीचा धंदा आपणांस ठाऊक आहेच. पान भिजवायचे, पत्र्याचा फर्मा ठेवून कातरीने कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा, आणि मजुरी मिळायची ती हजारावर. मावशींनी दोन खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सिन्नरहून आणलेल्या बियांचा प्राजक्त वाढवला होता. चातुर्मासात देवाला प्राजक्ताच्या फुलांचा लक्ष वाहायचा त्यांचा नेम होता. चार महिन्यांचे सुमारे १२० दिवस, म्हणजे रोजची आठशेच्या वर फुले. विड्या पंचवीस-पंचवीसच्या जुडीने मोजणारा हात तो. फुलेही तशाच मोजल्या जात. आमच्या मुलीला पाढे शाळेत शिकण्याआधी त्या फुलांवर आले.

मे महिना होता. मावशी लेकीकडे गेल्या होत्या. झाडाला एकही पान नव्हते. करड्या काड्यांचा भारा उभा केल्यासारखे ते दिसत होते. घरात रॉकेल संपलेले, हाती पैसा नाही, आणि मन तर असे की, दिसेल त्यावर राग निघावा. आम्ही म्हणालो, मेले आहे, निदान चूल तरी पेटेल. कुऱ्हाड आणली आणि गुडघ्याएवढा बुंधा ठेवून सगळे झाड उतरवले. तोडताना आतून हिरवे दिसले, ओल हाताला लागली, तरीही आम्ही थांबलो नाही. हे मुद्दाम सांगतो. कळले नाही असे नाही. कळूनही हात चालू ठेवला. नागरी भागात झाड तोडायला महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यान्वये परवानगी लागते हे तर आमच्या गावीही नव्हते, आणि आम्ही दिवसभर मालकाला कायदा शिकवीत होतो!

मावशी परत आल्या. ओरडल्या नाहीत. बुंध्याशी बसल्या, सालीवर नख ओढले आणि म्हणाल्या, “भाऊ, इथं नख लावून बघितलं असतंस तर दिसलं असतं. पानं गेली म्हणजे झाड जात नसतं रे. उन्हाळ्यात ते निजतं.”

झाड पाने का टाकते, हे आता थोडे समजावून घेऊ. कारण प्राजक्त लावणाराने हे एकच कळून घेतले तरी पुष्कळ झाले. पानांतून पाणी सतत बाहेर जात असते. जमिनीत ओल असते तोवर हा खर्च परवडतो. पावसाळा सरून चार-सहा महिने झाले, जमीन तडकली, की परवडत नाही. तेव्हा झाड पानातला उपयोगी अंश माघारी घेते, तो लाकडात आणि मुळांत साठवते, देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार करते आणि पान सोडून देते. हा मृत्यू नव्हे, काटकसर आहे. नाशिकच्या हवेत फुलांचा बहर संपला की, पाने पिवळी, भोकाभोकांची, करपल्यासारखी दिसू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळती होते, एप्रिल-मे मध्ये झाड उघडे असते, आणि पहिल्या वळवाबरोबर डोळे फुगून पाऊस लागता लागता नवी पालवी येते. वर्षभर पाणी घातलेल्या झाडाची सगळी पाने गळत नाहीत, थोडी राहतात. पण गळली म्हणून घाबरण्याचे काही कारण नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हे कोणाला नवे वाटू नये. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. वेल उघडा-बोडका दिसतो म्हणून तो रडत बसत नाही; काडीत काय साठले आहे हे तो जाणतो. तीच नजर दारच्या प्राजक्ताला लावा. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. एका फांदीवर तपकिरी, कोरडे दिसले तर त्याच्या खाली पाहा. मग बुंध्याशी पाहा. बुंध्याशीही कोरडे असले तरी पाऊस पडून महिना होईपर्यंत कुऱ्हाड उचलू नका.

आता लागवड. जागा अशी निवडा की, दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल. सावलीत झाड जगते, पण फुले कमी देते. भिंतीपासून सहा-आठ फूट दूर लावा. न्हाणीचे किंवा भांडी घासण्याचे पाणी जिथे सदा साचते ती जागा टाळा. हे डोंगरउतारावरचे झाड आहे. ते तहान सोसते, पण पायांत पाणी सोसत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते, म्हणून दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मग निघालेली माती, बारीक मुरूम किंवा भरड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून भरा. ताजे शेण घालू नका. त्याने मुळे भाजतात, वाळवीही येते. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा. पावसात तो बसतो.

रोप दोन तऱ्हांनी करता येते. पहिली बियांची. पावसाळ्यानंतर धरलेली फळे हिवाळ्यात तपकिरी होतात. ती झाडावरच फुटण्याच्या आधी काढून सावलीत वाळवावीत आणि बी जुने होऊ देऊ नये. पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावे, बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावे आणि माती नुसती ओलसर ठेवावी. उगवायला काही आठवडे लागतात. उतावळ्या माणसाने माती उकरून पाहू नये. सगळ्या बिया उगवत नाहीत, म्हणून चार हव्या असतील तर दहा-बारा पेराव्यात. दुसरी तऱ्हा छाट कलमाची. पावसाच्या आरंभी पेन्सिलीएवढी जाड, पक्व होत आलेली फांदी वीतभर कापावी, खालची पाने काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशी तिरपी लावावी. बियांच्या झाडाला फुले यायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात, कलमाला बहुधा त्याहून लवकर येतात. आम्हाला विचाराल तर बी बरे. वेळ लागतो, पण झाडाचे मूळ खोल जाते.

रोप वीतभराहून मोठे झाले की, जून-जुलैमध्ये, पावसाने जमीन भिजल्यावर लावावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. त्याचीच गळलेली पाने त्यालाच घालावीत. ती जाळू नयेत. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एक भरपूर पाणी पुरते. रोज तांब्याभर पाणी घालणे ही मात्र दयेच्या नावाखाली केलेली हानी आहे. त्याने मुळे वरच्यावरच राहतात. खत वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, एक टोपली कुजलेले शेणखत. याहून अधिक लाड नकोत. नत्राचे रासायनिक खत मनसोक्त घातले तर पाने माजतात आणि फुले रुसतात. थंडीचे भय नको. आपल्याकडे निफाडच्या बाजूला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तरी वाढलेले झाड ते निभावते. कोवळ्या रोपावर मात्र तशा रात्री गोणपाट टाकावे.

छाटणीचा नियम सोपा आहे. प्राजक्त नव्या फुटीवर फुलतो. म्हणून बहर संपून पाने गळू लागली की, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटावे. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या आधी काढाव्यात, मग उरलेल्यांचा शेंड्याकडचा तिसरा हिस्सा उतरवावा. जुलै-ऑगस्टमध्ये कातरी चालवाल तर येणारा बहर आपल्याच हाताने उतरवाल. कीड फारशी लागत नाही. पावसाळ्यात सुरवंट पाने खातात. ते सकाळी काठीने झाडून काढावेत, केसाळ असल्यास हात लावू नये. पांढरा ढेकूण म्हणजे पिठ्या दिसला तर जोराच्या पाण्याने धुवावा, निंबोळी अर्क फवारावा. बुंध्याजवळ भुशासारखी जाळी दिसली तर साल पोखरणारी अळी समजावी. जाळी साफ करून तारेने छिद्रातून अळी काढावी.

अंगण नाही म्हणणाऱ्यांना एक सांगतो. सदनिकेच्या गच्चीत किंवा जिथे ऊन येते अशा सज्जात दीड-दोन फूट व्यासाच्या कुंडीतही प्राजक्त होतो. आमचे पुष्कळ सभासद निम्मा कापलेला ड्रम वापरतात. बुडाला बोटभर छिद्रे पाडावीत, वर विटांचे तुकडे पसरावेत, मग माती भरावी. फक्त रसायनाचा ड्रम घेऊ नये. धुतला म्हणून तो स्वच्छ होतो असे नाही. हे औद्योगिक वसाहतीतल्या माणसांनी तरी विसरू नये. कुंडीतले झाड दरवर्षी छाटावे आणि दोन-तीन वर्षांनी माती बदलावी.

ज्यांच्या सोसायटीच्या आवारात जुना प्राजक्त आहे त्यांना आमची वेगळी विनंती आहे. गावातले जुने वाडे गेले, मागची परसे गेली, आणि जी झाडे राहिली त्यांच्या गळ्याशी आपण फरशी आणून भिडवली. झाडाला वरून मारण्यापेक्षा हे वाईट, कारण मारल्याचे दिसत नाही. बुंध्याभोवती निदान तीन फूट माती उघडी ठेवा. मग दरवर्षी उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत ठराव येतो, ‘झाड वाळले आहे, कचरा होतो, काढून टाकावे.’ त्या सभेत कोणीतरी उठून विचारले पाहिजे, “नख लावून पाहिले का?” आणि तरीही काढायचेच ठरले तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. आम्हाला ते सांगणारे कोणी नव्हते.

फुलांचा उपयोग विचाराल तर आधी पूजा. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही असा सर्वसाधारण प्रघात, पण प्राजक्ताला त्यातून सूट आहे. त्याचे फूल पडलेलेच वाहतात. हा अपवाद ज्याने केला तो मोठा समंजस माणूस असला पाहिजे. याचा एक फायदा असा की, फुलासाठी फांदी ओरबाडावी लागत नाही. झाडाखाली रात्री धुतलेले फडके अंथरले की झाले. वेचलेल्या फुलांचे देठ खुडून वाळवले तर त्यांचा केशरी-पिवळा रंग निघतो; पूर्वी रेशीम रंगवायला तो वापरीत. वीस-पंचवीस मुठी देठ गोळा करून मुलांकडून एखादा रुमाल रंगवून घ्या. रंग फार पक्का नसतो, पण मुलांची सकाळ सत्कारणी लागते. पानांचा काढा तापावर आणि वातावर देण्याची चाल जुनी आहे. तो अतिशय कडू असतो. आमचे सांगणे एवढेच की, ताप हटत नसेल तर काढ्याच्या भरवशावर न राहता डॉक्टर गाठावा.

आता मघाची गोष्ट पुरी करू. मावशींचा त्या वर्षीचा लक्ष अडला तो आमच्यामुळे. गंगापूर रस्त्यावर एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर प्राजक्ताची फुले पडत. श्रावणापासून आम्ही रोज पहाटे पंचा घेऊन तिकडे जात असू आणि मग मांडवात. आंदोलनाचा सरचिटणीस फुले वेचताना दिसला म्हणून काही सभासद हसले, हसोत. एका सकाळी फुले मोजता मोजता मावशींनी सहज विचारले, “तुझ्या मांडवात हल्ली माणसं कमी दिसतात रे?” आम्ही तोऱ्यात सांगितले की, जे चार-चार महिने वर्गणी देत नाहीत, दाराशी फिरकत नाहीत, अशा एकवीस जणांची नावे आम्ही नोंदवहीत तांबड्या शाईने काटली आहेत. मेलेले सभासद काय कामाचे? मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते त्या बुंध्याकडे पाहिले. जूनच्या पावसाने त्याला बुडापासून हातभर धुमारे आले होते.

त्याच दिवशी आम्ही नोंदवही घेऊन निघालो. काटलेल्यांतला पहिला माणूस पंचवटीत भाजीची पाटी घेऊन बसलेला सापडला. त्याच्याकडे सातपूरपर्यंतचे बसभाडे नव्हते आणि ते सांगण्याची लाज वाटत होती. दुसऱ्याची बायको रुग्णालयात होती. तिसरा गावी मजुरीला गेला होता. त्याचे घरचे म्हणाले, तो विचारीत असतो, मांडव आहे की मोडला. एकवीसपैकी दोघे खरोखरच मालकाकडे गेले होते. उरलेले एकोणीस पानगळीत होते, एवढेच. ती एकोणीस नावे आम्ही पुन्हा काळ्या शाईने लिहिली.

तो कारखाना पुढे उघडला नाही. हे सांगताना आजही जड वाटते, पण खोटा शेवट आम्ही सांगणार नाही. २००४ साली देण्यांबाबत तडजोड झाली, आणि ती संघटनेने दाव्याला जोडलेल्या यादीप्रमाणे झाली. यादीत ते एकोणीसही होते. रक्कम मोठी नव्हती. भाजीवाल्याने त्यातून हातगाडी घेतली. मावशी तोवर राहिल्या नव्हत्या. पण तोडलेल्या बुंध्यावरचा प्राजक्त पुढच्याच वर्षी पुन्हा फुलला होता, आणि त्यानंतर दोन चातुर्मास मावशींनी आपल्या दारच्या फुलांचा लक्ष पुरा केला. मोजायला आमची मुलगी बसे.

आज आपण या गोदाकाठी मे महिन्यात जमलो आहोत. घरी जाताना वाटेत कुठे ना कुठे कुंपणाआड एक करड्या काड्यांचा भारा उभा दिसेल. चार पावले आत जाऊन, घरमालकाला विचारून, नख लावून पाहा. आणि ज्यांच्या दारात अजून काहीच नाही त्यांनी उद्याच खड्डा खणून ठेवावा. पाऊस फार लांब नाही.